मतदानाच्या दिवसाचं दार

घोडपदेवच्या त्या चाळीत कुठली वस्तू कुठल्या निवडणुकीची, हे शेवंतीला तोंडपाठ होतं. पाण्याचा पंप एका निवडणुकीचा, जिन्याचा कठडा त्याच्या पुढच्या, आणि गणपतीच्या मंडपाचे पत्रे मधल्या पोटनिवडणुकीचे. रीत साधी होती. चाळीने उमेदवाराकडे एकच काम मागायचं, ते मतदानाआधी पदरात पाडून घ्यायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून त्यालाच मत द्यायचा शब्द पाळायचा. यंदा कमिटीने गॅलरीला लादी मागितली. कमिटीचा अध्यक्ष गणपत, म्हणजे शेवंतीचाच नवरा.

शेवंतीने बैठकीत दारातूनच सांगून पाहिलं होतं, “लादी राहू दे. गल्लीतल्या म्युनिसिपालटीच्या शाळेत मुलींच्या संडासाला दार नाही. ते मागा.”

“आपल्या चाळीतली कितीशी पोरं त्या शाळेत जातात, काकू?” कोणीतरी विचारलं. “तुमची पूर्वी, आणि वरच्या मजल्यावरची दोघं. बाकी सगळी इंग्लिश मिडियमला.”

लोक हसले. गणपतही हसला, अध्यक्षाला हसावंच लागतं.

पूर्वी ही शेवंतीची नात, सातवीतली. शाळेच्या दिवशी पाण्याला तोंड लावायची नाही, आणि पाळी आली की घरीच बसायची. तिचा बाप हितेंद्र शेवटी वैतागून म्हणाला, परीक्षा झाली की तिला कणकवलीला आत्याकडे पाठवतो, तिथल्या शाळेत निदान दार तरी आहे. पूर्वीच्या आईने मान हलवली आणि ती मोरीत तोंड धुवायला गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मतदानाचं केंद्र त्याच शाळेत होतं. शेवंती पूर्वीला बरोबर घेऊन गेली. रांगेत उभी राहते न राहते तोच पोरीने तिचा पदर ओढला.

“आजी, दार बसवलंय.”

खरंच बसवलं होतं. निळं, पत्र्याचं, नव्या कडीचं. आत बल्ब, भरलेलं पिंप, आणि बाहेर कागद चिकटवलेला: ‘महिला मतदारांसाठी’. पूर्वी आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला, मग काढल्याचा, मग पुन्हा लावल्याचा. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा इतका खुलला होता, की शेवंतीला बरं वाटायच्या आधी धसकाच बसला.

बाजूला स्टुलावर ठेकेदाराचा माणूस, कोंडीराम, बसला होता.

“उद्या असेल ना रे हे?” तिने विचारलं.

“उद्या कशाला? मशिन्स गेली की काढायचं. भाड्याचं आहे, काकू. मतदारांची सोय.”

“आणि पोरींची?”

“पोरींचं मत कुठे आहे?” कोंडीराम म्हणाला. त्यात कुचकेपणा नव्हता. त्याला जे दिसत होतं ते तो सांगत होता.

शेवंती रांगेत परतली ती बोलतच. येईल त्या बाईला सांगू लागली, “आधी ते दार बघून ये. संध्याकाळी जाणार आहे. मग ठरव, मत कुणाला द्यायचं.”

हवालदार आला. “मावशी, इथे प्रचार चालत नाही.”

“मी कुणाचं नाव घेतलं? संडास काय कुणाचं चिन्ह आहे?”

रांग हसली. हवालदार मिशीत हसला आणि म्हणाला, “हळू बोला मग.”

पुढे उभी होती शेजारची आकांक्षा. “पटतं हो काकू. पण माझी मुलगी दादरला जाते ना, इंग्लिश मिडियमला.”

“मग मतही दादरला देऊन ये.”

“तसं नाही...”

“फी जमेनाशी झाली तर कुठे आणशील तिला? इथेच ना?”

आकांक्षाचं हसू ओसरलं. नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करताहेत, हे चाळीत फक्त तिलाच गुपित वाटत होतं. ती रांग सोडून दार बघायला गेली.

तेवढ्यात गणपत आला. “शेवंते, गप रव. चाळीने शब्द दिलाय.”

“तुमका लादी होई होती, मिळाली. पोरगी चालली त्याचं काय?”

शेवंतीने मत दिलं ते शाळेबद्दल दोन वाक्यं तरी बोललेल्या एकमेव उमेदवाराला. तो पडणार हे तिला ठाऊक होतं, आणि तो पडला. दार मतदानाच्या संध्याकाळीच निघालं. चाळीचा उमेदवार निवडून आला.

आठवड्याने ती नव्या नगरसेवकाच्या ऑफिसात गेली. गणपत न सांगता बरोबर आला. नगरसेवकाने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि गणपतकडे वळून म्हणाला, “अध्यक्ष, तुमच्या चाळीचं काम तर झालं. एक मागितलंत, एक केलं. शाळेचं कुणी बोललंच नाही मला.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. गणपतचा चहा तसाच राहिला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “दार मीच बसवतो. सुतार ओळखीचा आहे.”

“बसवाल. पाणी कोण सोडणार? साफ कोण करणार? रोज तुम्ही जाणार?”

“मग पुढच्या वेळी शाळाच मागू. कमिटीला मी सांगतो.”

“पुढची वेळ पाच वर्षांनी,” शेवंती म्हणाली. “तेव्हा पूर्वी बारावीला असेल. कणकवलीला.”

चाळीचं फाटक आलं तरी गणपत तसाच पुढे, शाळेच्या दिशेने चालत राहिला. शेवंतीने त्याला हाक मारली नाही.