सतरा नंबरवरची चूक

मी सतरा नंबर बोलतोय. उरणकडच्या एका कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर लॅब आहे, तिच्यात खिडकीकडून दुसरं टेबल माझं. माझ्या डब्यावर पांढऱ्या रंगाने १७ लिहिलंय. नाव म्हणाल तर तेवढंच. आज जे सांगणार आहे ते अभिमानाने सांगण्यासारखं नाही. पण पोटात ठेवून बसलो तर जास्तच लाज वाटेल.

माझे सुटे भाग परदेशातून कंटेनरमधून न्हावा शेवाला उतरले. पनवेलच्या एका दुकानात मला जोडलं आणि वीस भावंडांबरोबर टेम्पोत घालून इथे आणलं. त्या दिवशी आम्हाला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. लॅब सांभाळणारे कुलदीपदादा नारळाचं पाणी आमच्या अंगावर उडू नये म्हणून दोन्ही हात पसरून उभे होते. असा मायेचा माणूस. पुढे जे घडलं त्यात त्यांचाही हात आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली काही वर्षं बरी गेली. मुलं चपला बाहेर काढून यायची, सी भाषेत प्रोग्रॅम लिहायची. माणसाची एक सवय मला तेव्हापासून ठाऊक आहे. काम बिघडलं की तो आधी आजूबाजूला बघतो, कोणी पाहिलं का म्हणून. चूक मागाहून शोधतो.

इथली हवा खारी. लोखंडाला सोडत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी डिस्क गेली. कुलदीपदादांनी नवी बसवली आणि तिच्यावर नवा कम्पायलर घातला. कम्पायलर म्हणजे मुलांनी लिहिलेलं वाचून मला समजेल असं करून देणारा. त्याच्या मागून लिंकर येतो. प्रोग्रॅममध्ये ज्या ज्या कामांची नावं घेतलीत, ती कामं कुठे ठेवलीत ते शोधायचं आणि सगळं एकत्र जोडायचं, हे त्याचं काम. रेघ ओढणं, वर्तुळ काढणं, रंग भरणं ही चित्रांची कामं एका लायब्ररीच्या फाइलीत असतात. ती फाइल कुलदीपदादांनी शेजारच्या सोळा नंबरवरून आणून माझ्यात टाकली.

घोटाळा तिथे झाला. सोळावरचा कम्पायलर जुना, बत्तीस बिटांचा. माझा नवा, चौसष्ट बिटांचा. जुन्या फाइलीत प्रत्येक नावाआधी एक छोटी आडवी रेघ होती, आणि माझा लिंकर बिनरेघेचं नाव शोधणार. शोधून शोधून त्याला काही मिळणार नव्हतं. कुलदीपदादांनी 'नमस्कार' छापणारा साधा प्रोग्रॅम चालवून पाहिला. तो चालला. चित्राचा चालवून पाहिला नाही. रजिस्टरमध्ये माझ्यापुढे 'सुरू' असं लिहून ते भाऊबीजेला बोर्ली पंचतनला बहिणीकडे निघून गेले.

माझ्यात काय बिघडलंय ते माझ्याच पोटात होतं. पण मला आपल्या मनाचं बोलता येत नाही. लिंकर जे सांगेल तेच पडद्यावर उमटतं.

एप्रिलात प्रॅक्टिकलची परीक्षा आली. माझ्यासमोर प्राप्ती बसली, दुसऱ्या वर्षाची. तिचे वडील चांगदेव यांनी उभा जन्म मिठागरात काढला. ते मिठागर भराव टाकून कधीच बुजवलंय, आता तिथे कंटेनर रचून ठेवतात. मिठागराचा एकही फोटो त्यांच्या घरात नव्हता. म्हणून प्राप्तीने परीक्षेसाठी तेच चित्र घेतलं होतं. मिठाचे वाफे, मधले बांध, भरतीचं पाणी आत घ्यायची उघाडी. बटण दाबलं की उघाडी वर जाते आणि एकेक वाफा निळ्या पाण्याने भरत जातो.

पाऊण तासात तिने सगळा प्रोग्रॅम टाइप केला. हात पुसले आणि रनचं बटण दाबलं.

लाल ओळी आल्या. 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू इनिटग्राफ.' म्हणजे चित्राचा पडदा उघडणारं इनिटग्राफ नावाचं काम कुठेच सापडलं नाही. तसंच रेघेचं, तसंच रंग भरण्याचं. प्रत्येक ओळीत तिच्याच फाइलीचं नाव. माझ्यातल्या चुकीच्या फाइलीबद्दल एक अक्षर नाही. बघणाऱ्याला वाटावं, सगळं हिनेच बिघडवलंय.

तिने स्पेलिंग तपासलं. वरती लायब्ररीची ओळख देणारी हेडरची ओळ लिहिलीय की नाही ते पाहिलं. लिंकरला द्यायची लायब्ररींची नावं पाहिली, त्यांचा क्रम बदलून पाहिला. तेच उत्तर. पुन्हा तेच.

सुचिता मॅडम फिरत फिरत मागे येऊन उभ्या राहिल्या. शिकवायला चोख, पण जीभ धारेची.

"काय झालं?"

"मॅडम, एरर येतेय. परवा नऊ नंबरवर चालला होता."

"नऊवर तर रुचिता बसते."

"तिच्या बाजूला बसून केला, मॅडम. पण मीच केला."

"म्हणजे तिचा चालला होता."

"नाय मॅडम!"

"स्वतःचा असता तर स्वतःची चूक सापडली असती. अर्धा तास झाला, तू नुसती नावं खालीवर करतेस. सर, ह्या मुलीचं जरा बघावं लागेल."

बाहेरून आलेले परीक्षक उठून आले. मागच्या रांगेत कोणी तरी हसलं. परीक्षकांनी प्राप्तीची उत्तरपत्रिका ओढून घेतली आणि कोपऱ्यात पेन्सिलीने काही तरी लिहिलं. कॉपी केली असं ठरलं तर तिचं वर्ष जाणार होतं. तिचे कान लाल झाले होते. आणि माझ्या पडद्यावर माझ्या त्या ओळी तशाच, ठळक, सगळ्यांना दिसतील अशा. मला वाटलं, ह्या घडीला लॅबमधले दिवे गेले तर किती बरं होईल. दिवे गेले नाहीत.

प्राप्ती रडली नाही. बाटलीतलं पाणी प्यायली, नवी फाइल उघडली आणि चारच ओळी लिहिल्या. चित्राचा पडदा उघडायचा आणि बंद करायचा, बस. चालवलं. तीच लाल ओळ. मग तिने चित्राचं सगळं काढून नुसता एक आकडा छापायला लावला. तो छापला गेला. पुन्हा चार ओळी, पुन्हा लाल.

"वाचतोय बरोबर," ती स्वतःशीच पुटपुटली. "जोडतानाच मरतोय."

मग ती उभी राहिली.

"मॅडम, तुमचा प्रोग्रॅम इथं टाइप करा ना."

"काय?"

"पहिल्या दिवशी शिकवलेला, वर्तुळाचा. तुमच्या हाताने करा. तो इथं चालला तर मी कॉपी केली असं लिहून देते."

मॅडमचा चेहरा कडक झाला, पण त्या बसल्या. सहा-सात ओळींचा प्रोग्रॅम, दहा वर्षं शिकवलेला. त्यांनी न बघता टाइप केला, बटण दाबलं.

'अनडिफाइन्ड रेफरन्स टू इनिटग्राफ.'

मॅडम पुढे वाकल्या. त्यांनीही आधी स्पेलिंग तपासलं. मग हेडर. मग आजूबाजूला पाहिलं. सगळा वर्ग बघत होता. त्यांनी ओळ खोडून पुन्हा लिहिली. मी पुन्हा तेच म्हणालो. खोटं बोलायची इच्छा नव्हती हो माझी, पण तेव्हाही माझ्या तोंडून मॅडमच्याच फाइलीचं नाव निघालं.

"कुलदीप," त्या हळूच म्हणाल्या.

कुलदीपदादांनी माझं फोल्डर उघडलं, फाइलीची तारीख पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, ही मी सोळावरनं आणून टाकलेली. नवीन कम्पायलरला ती जुळत नाय बहुतेक. माझ्याच हातून झालं."

परीक्षकांनी खिशातून खोडरबर काढला. कोपऱ्यातलं पेन्सिलीचं लिहिलेलं पुसलं आणि म्हणाले, "हिला नऊ नंबर द्या. अर्धा तास जादा."

नऊ नंबर माझ्या समोरच्या रांगेत आहे, मला दिसतो. प्रोग्रॅम तिथे पहिल्या फटक्यात चालला. वाफे दिसले, बांध दिसले. प्राप्तीने बटण दाबलं, उघाडी वर गेली आणि पाणी एका वाफ्यात न थांबता सगळीकडे पसरलं. अख्खा पडदा निळा. आज टाइप करताना एक आकडा चुकला होता, म्हणून एका बांधाची रेघ दुसऱ्या रेघेला टेकली नव्हती. जिथे फट असते तिथून रंग बाहेर पडतो.

प्राप्ती खुदकन हसली. "ही माझी," ती म्हणाली. "ही चूक माझी हाय." तिने एक आकडा बदलला, आणि पाणी शहाण्यासारखं वाफ्यावाफ्यातून भरत गेलं.

परीक्षा संपल्यावर कुलदीपदादा खाली गेले आणि झाडाखाली लेकीची वाट बघत बसलेल्या चांगदेवांना वर घेऊन आले. चप्पल दाराबाहेर काढून ते नऊ नंबरपुढे उभे राहिले. तीनदा पाणी भरताना पाहिलं. मग म्हणाले, "बरा काढलास गो. पन उघाडी हिकडं नव्हती, त्या अंगाला हुती. हिकडं खडक."

"बदलते, बाबा," प्राप्ती म्हणाली आणि तिथेच बसून बदलायला लागली.

तिचं निभावलं, तिच्या हिमतीवर. माझी खरी लाज त्याच्या पुढे आहे.

सगळे गेल्यावर सुचिता मॅडमनी हजेरीचं रजिस्टर मागवलं. दिवाळीनंतर सतरा नंबरवर कोण कोण बसलं ते बोट ठेवून पाहू लागल्या. एकच नाव, अकरा वेळा. अल्पेश.

रेवदंड्याचा अल्पेश इथे मामाकडे राहून शिकत होता. बुजरा मुलगा, जागा बदलून मागणंही त्याला जमलं नसतं. नोव्हेंबरात तो माझ्यासमोर बसला आणि मी त्यालाही त्याच लाल ओळी दाखवल्या. एकदा त्याने हात वर केला. मॅडम लांबूनच म्हणाल्या, "स्पेलिंग बघ नीट." त्याने बघितलं. मग अख्खा प्रोग्रॅम पुसून पुन्हा टाइप केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वहीतल्या अक्षराला अक्षर लावून, बोट ठेवून. प्रत्येक वेळी मी त्याला सांगितलं, तुझ्या फाइलीत, तुझ्या ह्या ओळीत. त्याने माझं खरं मानलं. माझ्यावर इतका विश्वास कोणी ठेवला नव्हता.

जानेवारीत एके दिवशी त्याने आपल्या सगळ्या फाइली काढून टाकल्या, मला नीट बंद केलं, खुर्ची आत सरकवली आणि गेला. परत आला नाही.

मॅडमनी त्याच्या मामाच्या घरी फोन केला. मे महिन्यात एका दुपारी तो आला. अंगात गडद पिवळं जॅकेट, न्हावा शेवाला कंटेनरचे नंबर तपासायच्या कामावर लागलाय. तोवर कुलदीपदादांनी माझ्यात बरोबर जुळणारी लायब्ररी बसवली होती.

"अल्पेश, चूक तुझी नव्हती," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मशीन बिघडलं होतं. आणि मी जागेवरून उठून बघायला हवं होतं. माझं चुकलं."

"व्हय का," तो म्हणाला. "मी मामाला सांगितला, माझ्या डोक्यात शिरत न्हाय म्हनून. त्याने पन मानला. आता त्याला काय सांगू?"

"जूनमध्ये पुन्हा प्रवेशाचा फॉर्म भर. मी बोलते मामांशी."

"ड्युटी बगून सांगतो."

तो बसला नाही. उभ्या उभ्याच माझ्या कीबोर्डवर वाकला आणि वर्तुळाचा प्रोग्रॅम टाइप केला. वही नव्हती, तरी एकदाही अडला नाही. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरं वर्तुळ उमटलं.

तो त्याच्याकडे बघत राहिला.

"बरोबर लिवत हुतो मी," तो म्हणाला. कोणाला उद्देशून नाही. मग जिना उतरून गेला.

आता जून लागलाय. कुलदीपदादा रोज सकाळी आम्हा सगळ्यांवर एकेक वर्तुळ काढून बघतात, मगच रजिस्टरमध्ये 'सुरू' लिहितात. सुचिता मॅडम हात वर दिसला की खुर्ची सोडून मुलाजवळ जातात. अल्पेशचा फॉर्म अजून आलेला नाही.

बाळांनो, माझ्यासमोर बसाल आणि लाल ओळी येतील, तेव्हा स्पेलिंग जरूर बघा. पण दोनदा बघूनही बरोबर असेल तर माझ्यावर संशय घ्या. चार ओळींचा प्रोग्रॅम करून मला चालवायला लावा. दुसऱ्या मशीनवर नेऊन बघा. कोणाला तरी जवळ बोलवा, लांबून विचारू नका. मला राग येणार नाही.

आणि न्हावा शेवाच्या गेटवर पिवळ्या जॅकेटात रेवदंड्याचा अल्पेश दिसला, तर त्याला एवढंच सांगा की फॉर्मची मुदत महिनाअखेरीपर्यंत आहे, आणि सतरा नंबर अजून कोणाला दिलेला नाही.