भाऊजींनी उघडलेलं पोर्ट

भाऊजींना अक्कल शिकवायची भारी हौस. दाराला तीन कुलपं, खिडक्यांना गज, घरात चार कॅमेरे, आणि भेटेल त्या शेजाऱ्याला सावधगिरीवर व्याख्यान. त्यांची मेव्हणी, बायकोची धाकटी बहीण, एका कंपनीचं नेटवर्क सांभाळायची, पण तिला ते म्हणत, "तुझं काय, बटणं दाबायची!"

रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला. आवाज पार उतरलेला. स्वयंपाकघरातला कॅमेरा आपोआप मान वळवत होता, तिची ताई जाईल तिकडे. आणि काल त्यातून कुणीतरी चक्क हसलं होतं.

ती तडक गेली. लॅपटॉपवर राउटरची सेटिंग्ज उघडली. पासवर्ड कारखान्यातून आला तोच, शेंबड्या पोरालाही सापडेल असा. फायरवॉल बंद. कॅमेऱ्यांसाठीचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कचं दारच, बाहेरच्या जगाला सताड उघडं.

"हे कुणी केलं?"

"मीच. व्हिडिओ बघून, अर्ध्या तासात!" भाऊजींना अजूनही स्वतःचं कौतुक होतं. "ती फायरवॉल सारखी अडवत होती, म्हणून काढली."

"राखणदार अडवतो म्हणून त्यालाच हाकललंत. धन्य आहे!"

"ऑफिसातून घर दिसायला नको?"

"मग दारावर एकही कॅमेरा कसा नाही? चोर काय ओट्याखालून उगवणार होता?"

ताईच हळू आवाजात बोलली, "मी फोनवर किती बोलते, दुपारी किती पडते, ते बघतात. संध्याकाळी जाब विचारतात."

मेव्हणीनं राउटरमधल्या नोंदी काढल्या. तीन आठवड्यांत कितीतरी परक्या ठिकाणांहून माणसं आत येऊन गेली होती. तिनं स्क्रीन भाऊजींकडे फिरवली.

"बायकोवर पहारा ठेवायला निघालात, आणि बघायला सगळा गाव बोलावलात. वर तोंड करून मला बटणं शिकवता?"

भाऊजींचं तोंड एवढंसं झालं.

तिनं पोर्ट बंद केलं, फायरवॉल चालू केली, पासवर्ड बदलला. मग विचारलं, "कॅमेरे ठेवायचे?"

"मला वाटतं—"

"तुम्हाला नाही विचारलं, भाऊजी."

ताईनं स्टूल ओढलं, वर चढली आणि कॅमेऱ्याची वायर स्वतःच्या हातानं उपटली. मग दुसऱ्याची, तिसऱ्याची, चौथ्याची.

"नवा पासवर्ड?" भाऊजींनी चाचरत विचारलं.

"ताईला दिलाय. तिला वाटलं तर सांगेल."

ताईनं हात धुतले, पदराला पुसले. "चल गं, जरा बाहेर जाऊन येऊ."

कुठे, किती वेळ, ते तिनं सांगितलं नाही. भाऊजी उपटलेल्या वायरी गुंडाळत बसले.