तिसऱ्या नळीची टोपणं

प्रयोगशाळेत तिला सगळे चाळणबाई म्हणत. समुद्राच्या तळाचा चिखल चाळायचा, त्यात उरलेली खसखशीएवढी कवचं ओल्या कुंचल्याने एकेक निवडायची, यातच बाईची बावीस वर्षं गेली. गणित तसं सोपं होतं. वर बर्फ दाटलेला असेल तर चिखलात नुसते खडे. बर्फ हटून समुद्र मोकळा झाला की कवचंच कवचं.

याच चिखलावरून तिच्या सरांनी दाखवून दिलं होतं, की हटलेला बर्फ एकदा परत आला होता. त्यावर सरांचं नाव झालं. गेलेलं परत येतं म्हटलं की कोणाला बरं वाटत नाही?

आता सर अंथरुणाला खिळले होते आणि आठवड्यावर त्यांचा सत्कार होता. त्यासाठी फोटो हवा म्हणून तिने शीतगृहातून बर्फ परतल्याचा पुरावा म्हणून प्रसिद्ध झालेली तिसरी नळी काढली. बोटीवर चिखलाचे मीटरभर तुकडे नळ्यांत भरले, की वरच्या टोकाला लाल टोपण आणि खालच्या टोकाला काळं, अशी रीत होती. वाळूच्या थरात जाड कण आधी तळाशी बसतात. इथे प्रत्येक थरात ते वर होते. नळी उलटी होती, आणि टोपणांवर अक्षर तिचंच होतं. नळ्या भरल्या त्या दिवशी बोट लागून ती ओकत होती, तरी काम दुसऱ्याला देईना. मोठी शहाणी!

नळी सुलटी धरली तर खडे खाली, कवचं वर, आणि बर्फ एकदाच गेला होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत ती सरांकडे गेली.

"काढलास फोटो?" सरांनी विचारलं.

"हो सर. छान आलाय."

"थर कसे दिसतायत?"

"तुम्ही लिहिलेत तसेच."

सर म्हणाले, "म्हणजे टोपणं नाही तपासलीस तू."

तिला रडू आवरेना. "तपासली, सर. उलटी आहेत. मीच लावली होती."

"तू?" सरांना धाप लागली. "मला वाटायचं, मीच उलटी लावली असतील. म्हणून तर ती नळी पुन्हा कधी काढून बघितली नाही. भ्यायलो गं." मग म्हणाले, "सत्काराच्या आधी कळवायला हवं. घे लिहून."

तिने वही काढली.

"बर्फ परत आला नव्हता," सर म्हणाले आणि भिंतीकडे वळले. "पुढचं तू लिही."