शिक्क्यांचे शेवाळ

‘पूर्वीच्या राज्यांची नावे असलेले या कचेरीतील सर्व रबरी शिक्के पंचांसमक्ष, कचेरीच्या अंगणात, जाळून नष्ट करण्यात आले आहेत.’

पुसदच्या हस्तोद्योग कचेरीने १९६० च्या जूनमध्ये वरिष्ठांना कळवलेले हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होते. त्यात कर्ता नव्हता. कर्ता नसला की कर्माचे वाटेल ते करता येते, हे कचेऱ्यांना व्याकरणकारांच्याही आधी कळलेले आहे. त्यातला ‘सर्व’ हा शब्द खोटा होता. ‘पंचांसमक्ष’ खोटा होता, ‘जाळून’ खोटा होता, आणि ‘नष्ट’ तर इतका खोटा की त्याच दिवाळीत ते शिक्के मासे, शिंपले आणि होड्या होऊन गावभर पोहत होते. खरे होते ते फक्त अंगण. तेथे एक कडुनिंब होता, त्याच्या सावलीत साहेबांची जीप उभी असे, आणि पलीकडे, त्याच आवारात, साहेबांचे राहते घर होते.

पुसदच्या माणसाने चार वर्षांत घर बदलले नाही, विहीर बदलली नाही, शेजाऱ्याशी असलेले भांडणही बदलले नाही. राज्ये मात्र दोनदा बदलली. छप्पन सालच्या नोव्हेंबरात तो मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि साठच्या मे महिन्यात महाराष्ट्रात आला. दर खेपेला कचेरीतले लाकडी मुठीचे शिक्के बाद होत आणि नाझर देवीलाल ते एका खादीच्या पिशवीत टाकी. शिक्के, शाई, टाचण्या, खुर्च्या या सगळ्यांचा तो रखवालदार. कोणाला टाक उसना द्यायचा तरी तो जामीन मागे. अशा माणसाने ती जड पिशवी एके दिवशी शिपायाच्या हाती मोतीबाईकडे पाठवून दिली, तेव्हा तिला औदार्याची शंका यायला हवी होती. पण तिला रबर हवे होते. गरज असली की शहाणे माणूसही देणाऱ्याचे तोंड पाहत नाही.

मोतीबाई ही आर्णी रस्त्यावरच्या तांड्यातल्या डोंगरसिंग राठोडची मुलगी. कचेरीच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये ती बायकांना ठशांचे काम शिकवी. रबरावर चित्र कोरायचे, शाई लावायची, जाड कागदावर छापायचे, कागद दुमडून शुभेच्छापत्र करायचे. तिची जागा हंगामी होती. वर्षअखेरीस साहेबांचा चांगला शेरा पडला तर ती कायम होणार होती, आणि त्या शेऱ्याकडे तिच्याहून अधिक डोळे लावून तांडा बसला होता. ‘डोंगरसिंगची पोरगी कायम झाली की आमच्याही पोरी शाळेत धाडू,’ असे तांड्याच्या नायकाने चारचौघांत सांगितले होते. म्हणजे एका हंगामी मास्तरणीच्या खुर्चीला अख्ख्या तांड्यातल्या मुली टेकून बसल्या होत्या, आणि त्या खुर्चीचा रखवालदार देवीलाल होता.

ऑगस्टमध्ये साहेबांना समुद्राचा शोध लागला. वर्गात येऊन त्यांनी जाहीर केले की नव्या राज्याला विशाल सागरकिनारा लाभला आहे, समुद्र आता आपला झाला आहे, तेव्हा यंदाच्या दिवाळीची शुभेच्छापत्रे समुद्राचीच हवीत. मुंबईहून खात्याच्या वरिष्ठ, एक विदुषी बाई, प्रदर्शन पाहायला येणार होत्या. या हिशेबाने समुद्र छप्पन सालीच आपला झाला होता, ही बाब साहेबांच्या लक्षात चार वर्षे आली नव्हती. पण शोध लावणाऱ्याला तारीख विचारू नये. जाता जाता ते हळहळत म्हणाले की या जिल्ह्यात कोणाचा समुद्राशी संबंध आलेला नाही, तेव्हा सगळे कल्पनेनेच करावे लागेल.

मोतीबाईच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, ओढणीला कवड्यांची झालर होती, आणि कवडी काही पैनगंगेत सापडत नाही. तिच्या पणज्याच्या बैलांनी कोकणातले मीठ पाठीवर वाहून वऱ्हाडच्या आमटीत घातले होते. तेव्हा ना सीमा होती ना शिक्का. ज्यांच्या ताटात ते मीठ पडले त्यांच्या नातवांनी आता तांड्याला समुद्राची ओळख करून द्यावी, हा विनोद तिने मनातल्या मनात ऐकला आणि पहिला ठसा कवडीचा कोरला.

दाढीचे अर्धे पाते आणि दगडावर घासून धार काढलेली छत्रीची काडी, एवढी तिची हत्यारे. शिक्क्याची अक्षरे तासून काढली की खाली गुळगुळीत रबर लागे. त्यावर मासा निघे, खेकडा निघे, शिडाची होडी निघे. शाई कचेरीकडे एकच, जांभळी. त्यामुळे पहिल्या आठवड्यातला समुद्र जांभळाच्या रसासारखा दिसला. मग बाजारातल्या रहमत शाईवाल्याने तिला कपड्यांची नीळ ग्लिसरिनमध्ये घोटून दिली, आणि एकदा शाई लावून दोनदा ठसा दाबायचा, म्हणजे दुसरा मासा फिका उठतो आणि दूर पाण्यात असल्यासारखा वाटतो, ही युक्ती तिला सापडली. बायका हरखल्या. धनीबाई तर म्हणाली, “हे पाहून मले तहान लागून राह्यली, मास्तरीणबाई.”

राहिले समुद्राच्या तळाचे शेवाळ. पिशवीत एक लांबट शिक्का होता, ‘मध्यप्रदेश शासन’ एवढाच. तो तासायला घेताना तिच्या हातात उलटा आला, आणि तिला दिसले की देवनागरी उलटी केली की शिरोरेषा हा तळ होतो आणि अक्षरे त्यावर उगवलेली झुडपे. काने, दांड्या आणि गाठी पाण्यात हलल्यासारख्या वर जातात. आता कोरायचे काहीच नव्हते. निळीत हळद घोटून केलेल्या हिरव्या शाईत तो उलटा, दोनदा, किंचित सरकवून दाबला की शेवाळाचे रान उठे. यात खोडी होती हे तिला ठाऊक होते. पण जी कचेरी सरळ कागदही वाचत नाही ती उलटा काय वाचणार, असा तिचा अंदाज होता. आणि कचेरीपुरता तो अगदी बरोबर होता. साहेबांनी ते शेवाळ चष्मा लावून पाहिले आणि यालाच निसर्गनिरीक्षण म्हणतात असे उद्गार काढले. देवीलालने ते रोज पाहिले. ज्या शिक्क्याने त्याने सहा वर्षे कागद काळे केले होते त्याचीच अक्षरे त्याला ओळखू आली नाहीत.

अंदाज चुकला तो मुंबईच्या बाईंबाबत. त्या वाचणाऱ्या निघाल्या.

दिवाळीच्या आधी आठ दिवस प्रदर्शन भरले. साहेबांनी भाषण केले. त्यात सागर होता, शिवकालीन आरमार होते, आणि महाराष्ट्राच्या विशाल हृदयाची लाटांशी तुलना होती. मग त्यांनी सर्वांत सुबक शुभेच्छापत्र उचलून बाईंच्या हाती दिले. दिले ते उलटे. मासे पोट वर करून तरंगत होते, पण साहेबांना त्यात गैर वाटले नाही. धनीबाईने घाईत त्या पत्रावर हिरवा ठसा एकदाच दाबला होता, स्वच्छ, ठळक. बाईंनी पत्र पाहिले, डोळ्यांजवळ नेले, आणि शाळेतल्या मुलीसारखे मोठ्याने वाचले: “मध्यप्रदेश शासन.”

मांडवात कोणी तरी खुदकन हसले. साहेबांचे विशाल हृदय तेथेच आटले.

बाईंनी सौम्य स्वरात विचारले की जुने शिक्के नष्ट झाल्याचे आपण कळवले होते ना? त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्याचे होते, आणि ते देवीलालच्या खिशात होते. पिशवी मीच दिली, एवढे तो म्हणाला असता तर प्रकरण त्या मांडवातच संपले असते. पण तो म्हणाला की शिक्के जाळलेत, आपल्यापाशी कागद आहे. मग हे बाईकडे आले कोठून ते बाईलाच विचारा. आणि थोडे थांबून, सर्वांना ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात, त्याने पुस्ती जोडली: “तांड्यातल्या हाताले काय सांगावं, साहेब. उचलाची सवयच राह्यते.”

कोणी त्याला अडवले नाही. चोर ठरायला काही माणसांना आधी पुरावा लागतो, काहींना फक्त आडनाव.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मोतीबाईला नोटीस आली. तिने नष्ट झालेले सरकारी शिक्के चोरले, किंवा ते बनावट तयार केले, असा तीत आरोप होता. शेडला कुलूप लागले. डोंगरसिंग तांड्यावरून आला. त्याने मुलीला सांगितले की माफी माग, खोटी का होईना. आपल्या माणसाला लोक आधी चोर म्हणतात आणि मग नाव विचारतात, हे मी इंग्रजांच्या कायद्याने पोलीस पाटलाकडे हजेरी देणाऱ्या माझ्या बापाकडून ऐकले आहे. मोतीबाई म्हणाली, “बा, मी माफी मागितली तर ती माझ्या एकटीची राहणार नाही. नायक ती माफी घेऊन बसेल, आणि पोरी गोवऱ्या थापत बसतील.”

तिने उत्तर लिहून दिले. ते फार लांब नव्हते. पिशवी नाझराने शिपायाच्या हाती धाडली होती, पण तिची पावती नव्हती, आणि पावती नसलेली गोष्ट कचेरीत घडलेलीच नसते. जाळलेली वस्तू चोरता येत नाही, असे तिने लिहिले, आणि चोरलेली वस्तू जाळता येत नाही. कचेरीने दोहोंपैकी एक काही तरी ठरवावे. राहिला बनावटीचा आरोप. जे राज्य या जिल्ह्यापुरते चार वर्षांपूर्वीच संपले त्याचा शिक्का बनावट करून मला कोणती जहागीर मिळणार होती, हे चौकशीत सिद्ध व्हावे अशी विनंती. साहेबांना ते उत्तर उद्धट वाटले. ते उद्धट नव्हते, फक्त सरळ होते. कचेरीत सरळ वाक्याची सवय नसल्याने तसा भास होतो.

मुंबईच्या बाईंनी विषय सोडला नव्हता. त्यामुळे नागपूरहून एक वयस्क चौकशी अधिकारी आले. अंगणातच, कडुनिंबाखाली टेबल मांडले गेले. साहेब बाजूच्या खुर्चीत, देवीलाल त्यांच्या मागे, मोतीबाई समोर उभी. कुंपणाबाहेर डोंगरसिंग आणि तांड्याची दोन म्हातारी माणसे. जूनच्या त्या कागदावर पंच म्हणून सही होती शिपाई उकंडाची. दुसरा पंच बदली होऊन गेला होता.

मोतीबाईने अधिकाऱ्यांकडे दोन गोष्टी मागितल्या. उकंडाला एक प्रश्न विचारायचा, आणि मग माशाचा एक बिघडलेला ठसा येथेच जाळून पाहायचा. अधिकारी म्हणाले, “जाळा. नाही तरी कागदोपत्री तो जळालेलाच आहे.”

“उकंडाभाऊ,” तिने विचारले, “जूनमध्ये तुम्ही शिक्के जाळलेले पाहिले. वास कसा येत होता?”

उकंडाने देवीलालकडे पाहिले. देवीलालने आभाळाकडे पाहिले.

“वास कायचा, मास्तरीणबाई? होळीवानी मस्त पेटले. लाकडावानीच. आमी तं हात शेकून घेतले. थंडी होती ना.”

“जूनमध्ये?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“हो साहेब. लय थंडी होती.”

पुसदच्या जूनमध्ये माणसे टिनाच्या शेडला हात लावत नाहीत. अधिकाऱ्यांनी टाक शाईत बुडवला आणि ते वाक्य लिहून घेतले. खोटे बोलणाऱ्याला ऋतूंचेही ज्ञान लागते. देवीलालने उकंडाला फक्त होळी शिकवली होती, पंचांग शिकवायचे राहून गेले होते.

मग मोतीबाईने गोवरीच्या विस्तवावर तो मासा ठेवला. आधी तो नुसता घामेजल्यासारखा झाला. मग त्याने पाठ वाकवली आणि त्यातून काळ्या चिंध्यांसारखा धूर निघाला. हवेत काजळी तरंगू लागली, अधिकाऱ्यांच्या कागदावरही पडली. वास असा की कारकुनांनी उपरणी तोंडाला लावली आणि ड्रायव्हर सांगण्याची वाट न पाहता जीप काढून घेऊन गेला. साहेबांच्या घराच्या खिडक्या एकेक करून आपटत बंद झाल्या. शाईच्या दुकानातून रहमत धावत फाटकापर्यंत आला आणि ओरडून विचारू लागला, टायर कोण जाळून राह्यलं. अधिकाऱ्यांनी त्याला आत बोलावून विचारले की जूनमध्ये असा वास कधी आला होता का. रहमत म्हणाला, “एक मासा जाळला तं मी दुकान सोडून आलो, हुजूर. पिशवीभर जाळलं असतं तं मी गाव सोडलं असतं.”

कुंपणाबाहेर डोंगरसिंग हसला. त्या अंगणात तांड्याचे माणूस हसण्याची ती पहिलीच वेळ असावी.

अधिकारी देवीलालकडे वळले. त्यांनी आवाज चढवला नाही. समोर अजून धुमसत असलेल्या रबराकडे टाकाने निर्देश करून त्यांनी एवढेच विचारले की जूनमध्ये हा वास कोठे गेला होता. देवीलालने साहेबांकडे पाहिले. साहेब आपल्या बंद खिडक्यांकडे पाहत होते. नाकाला रुमाल लावलेल्या नाझराने तो रुमाल तेव्हा बाजूला केला. त्याचा जबाब अधिकाऱ्यांनी, एक शब्द न सुधारता, त्याच्याच तोंडचा उतरवून घेतला आणि कुंपणापर्यंत ऐकू जाईल असा वाचून दाखवला:

“जाळाचेच होते, साहेब. पन रबर जाळलं का लय घाण वास येते, अन् त्या दिवशी साहेबाच्या घरी पाव्हणे जेवाले बसले होते. म्हनून मी ते कागदावर जाळले, अन् पिशवी मोतीबाईकडे मीच धाडून देल्ली.”