शपथेविना एक मत

सर्जेरावांनी बेलभंडाऱ्याचं ताट पुढे सरकवलं आणि आश्रुबाने हात मागे घेतला.

“उचल की बे. समद्यांनी उचललाय.”

“आमी शपथ घेत न्हाई, चेअरमन. होय तर होय, न्हाई तर न्हाई.”

“खंडोबा तुझा देव हाय का? न्हाई ना? मग शपथ बी तुझी न्हाई. उचल नुसता!”

हा युक्तिवाद दुसऱ्या कुणालाही पटला असता. आश्रुबा नुसता हसला. त्याचे वडील धमतरीला कामाला होते, तिथून ते मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती होऊन परतले. नांदूरघाटच्या पंचक्रोशीत त्या पंथाचं हे एकच घर, पण आश्रुबाला कधी एकटं वाटलं नाही. कॅनडा, काँगो, पॅराग्वे, कुठेकुठे त्याची मंडळी पसरलेली. वर्षातून एका रविवारी ती सगळी एकमेकांसाठी प्रार्थना करत, आणि यंदा केज तालुक्यासाठी पाऊस मागा, असं त्याने कळवून ठेवलं होतं.

“तुमच्यात कुणीच शपथ घेत न्हाई? जगात कुटंच?”

“कुटंच न्हाई.”

“मग निवडणुका कशा होतात बे?”

सर्जेरावांना खरंच काळजी वाटली. दुष्काळाने जनावरं चारा छावणीत गेली होती, दूध संस्थेचे कॅन उपडे पडले होते. दूध नव्हतं, पण चेअरमनकी होती, आणि ती गेली तर गावात तोंड कसं दाखवायचं? मत देणारे अकरा संचालक. त्यात महिला राखीव जागेवर त्यांची बायको, सुंदरबाई. तिने सगळ्यांत आधी भंडारा उचलला होता, आणि मग टँकरवरून डोक्यावर हंडा आणून, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी चहाचं कितवं तरी आधण ठेवलं होतं.

“बरं, नुसतं सांग. मत मला देणार?”

“देणार.”

बिनशपथेच्या शब्दावर कोण विसंबणार? सर्जेरावांनी मनातल्या मनात त्याचं नाव खोडलं.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या मोजल्या. विरोधात उभ्या मोहनरावांना नऊ, सर्जेरावांना दोन. त्यातली एक त्यांची स्वतःचीच.

घरी आल्यावर सुंदरबाईने शांतपणे विचारलं, “म्हंजी उद्यापास्नं माणसं न्हाई ना यायची?”

बिचारीला फार लागलं, असं सर्जेरावांना वाटलं.

तिन्हीसांजेला मात्र ओसरीवर संचालकांची रीघ लागली. “ते एक मत माजंच, गळ्याशपथ!” शहादेव म्हणाला. सटवाने डोक्यावर हात ठेवायला धाकटं पोरगं सोबतच आणलं होतं. राधाकिशन तर रडलासुद्धा. सर्जेराव सगळ्यांपुढे मान डोलवत होते आणि आतून हसत होते. लबाड लेकाचे! ते मत कुणाचं, हे काय त्यांना सांगायला हवं होतं? आत भाकरी थापणाऱ्या बायकोच्या अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांचा संसार काय उगाच असतो?

आश्रुबा तेवढा आला नाही. सर्जेराव स्वतःच छावणीकडे निघाले. गद्दारी केली असली तरी हा गडी तोंडावर कबूल करील, आणि आज त्यांना एक तरी खरा शब्द ऐकायचा होता.

आश्रुबा बैलांपुढे उसाचे वाढे टाकत होता.

“मत कुणाला दिलं?”

“तुमाला.”

“मस्करी करू नको.”

“देणार म्हणलं होतं की. दिलं.”

सर्जेरावांनी बोटं धरली. एक आपलं, एक याचं. पुन्हा धरली. तिसरं बोट काही हाती येईना. मोहनरावांच्या नऊ चिठ्ठ्यांत सुंदरबाईची एक होती.

“शपथ घे!” ते ओरडले.

आश्रुबाने पेंढीवरचं पोतं झटकून त्यांना बसायला अंथरलं. सर्जेराव बसले.

“आश्रुबा, मी इचारायला आलतो, हे घरी सांगू नको.”

आश्रुबाने नीट विचार केला.

“आपणहून न्हाई सांगणार,” तो म्हणाला. “पण वहिनींनी इचारलं, तर सांगावं लागंल.”