जाऊबाईंचं ऑपरेशन

आमच्या घरात ऑपरेशन म्हटलं की ते रजनीताईंचंच. त्या माझ्या मोठ्या जाऊबाई. माझ्या लग्नाच्या आधी त्यांच्या पित्ताची पिशवी काढली, तेव्हा बरगडीखाली वीतभर चिरलं होतं. नाकातून नळी, पोटातून नळी. घरी आल्यावर सासूबाईंनी महिनाभर त्यांना पाण्याचा पेला उचलू दिला नाही, पायसुद्धा दाबले म्हणे. भेस्तानच्या आमच्या सोसायटीत ही कथा ठाऊक नाही असं घर नाही.

त्यामुळे माझ्याही पित्ताशयात खडे निघाले तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं. आता माझी पाळी!

पण माझं नशीबच फुटकं. चार बारीक छिद्रांत सगळं उरकलं. उपाशी ठेवतील म्हणून रडवेला चेहरा करून बसले होते, तर ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत पाणी प्या म्हणाले. संध्याकाळी गुजराती नर्स "चालो बेन" करत मला फिरवायला हजर. दुसऱ्या दिवशी घरी. वर डॉक्टरांनी सासूबाईंना बजावलं, "यांना झोपवून ठेवू नका. चालतील तितकं चांगलं."

झालं! सासूबाई तासातासाला म्हणायच्या, "हर्षदा, ऊठ, जरा हिंड." शेजारच्या बेन भेटायला आल्या आणि मला बघून म्हणाल्या, "अरे, आ तो हालती-चालती छे!" मग रजनीताईंनी त्यांना सोफ्यावर बसवून आपलं वीतभर पुन्हा ऐकवलं. माझा नुसता जळफळाट झाला. आजारी मी, आणि कौतुक त्यांचं!

तिसऱ्या दिवशी मी उठलेच नाही. भिंतीकडे तोंड करून कण्हत राहिले. सासूबाईंनी कपाळाला हात लावून बघितला, टाके बघितले आणि पायथ्याशी बसल्या.

"दुखतंय, की फुगलीयस?"

"ताईंचे पाय दाबलेत तुम्ही," मी फणकारले. "मला मात्र हिंड!"

सासूबाईंनी उठून दार लोटलं.

"तिचं पोट दुखत होतं तेव्हा मी तिला ओवा चारत बसले. काम टाळायला नाटक करते, असं मीच म्हणाले. चार दिवस. आत पिशवी सडली. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर वाचली नसती. मग पाय नको दाबू तर काय करू?" त्यांनी माझं पांघरूण सारखं केलं. "तुझं दुखायला लागलं तेव्हा तुझा नवरा लांब हजीऱ्याला कामावर. त्याची वाट बघितली का मी? कच्ची डाळ तशीच टाकून रिक्षा बोलावली. वेळेत नेलं, म्हणून छिद्रांवर भागलं बाई तुझं."

मी कूस वळवून त्यांच्याकडे तोंड केलं.

"रजनीला वाटतं, खडे मोठे होते म्हणून चिरावं लागलं. तिला सांगू नकोस."

आणि त्या माझे पाय दाबू लागल्या. मी ओढून घेतले, तरी सोडेनात.

तेवढ्यात रजनीताई खिचडी घेऊन आत आल्या आणि हसल्या. "अगंबाई, पाय दाबून घेतेस? घे, घे. पण माझ्या वेळी आईंनी महिनाभर दाबले होते हं. माझ्यावर जीवच तेवढा त्यांचा!"

सासूबाईंची मान खाली. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं.

"हो ताई," मी म्हणाले, "तुमची सर मला कुठून येणार?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या वरचढ ठरले होते, आणि सांगायची सोय नव्हती.