लाल दिवा आणि चाळीस प्रश्न

ऐकणं हे माझं काम, पण आज मीच बोलणार! मी शाळेच्या भाषा-मंडळाचा जुना रेकॉर्डर. सेलचं झाकण रबरबँडने बांधलंय, पण कान अजून तिखट आहेत.

पूर्वी भाषेच्या बाई मला संशोधनासाठी गावोगाव न्यायच्या. नंतर चार वर्षं कपाटात पडून होतो. मग त्यांनी हे मंडळ काढलं, दर बुधवारी शाळा सुटल्यावर. सदस्य मोजून चार. मुख्याध्यापकांनी बजावलं, "शुक्रवारी सगळ्या शाळेसमोर तुमचं काम दाखवा. त्या दिवशी दहा नावं झाली नाहीत तर मंडळ बंद."

चौघांची म्होरकी चिमणी, दहावीतली. तिने शाळा झाडणाऱ्या मावशींना गाठलं. मावशींच्या आईची भाषा गावात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

"इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही गं," मावशी म्हणाल्या आणि खुलल्या.

पण चिमणीने घोळ घातला. लाल दिवा म्हणजे मी थांबलोय, असा तिचा समज; खरं तर तो लागला की मी टिपून घेतो. दिवा लागलेला असताना ती प्रश्न विचारी, मग बटण दाबून तो घालवी आणि म्हणे, "हं, सांगा मावशी." झालं! चाळीस प्रश्न माझ्या पोटात, उत्तर एकही नाही. मी सांगणार कसा? नुसता तडफडत होतो.

शुक्रवारी सभागृह खचाखच भरलं. चिमणीने ऐटीत मला सुरू केलं. "एका दाराला काय म्हणता?" उत्तराऐवजी थेट पुढचा प्रश्न. "आणि दोन दारांना?" पुन्हा तेच. पोरं खो-खो हसायला लागली. चिमणीचा चेहरा पडला. मुख्याध्यापक घड्याळ बघू लागले.

इतक्यात मागून खणखणीत उत्तर आलं. दाराशी झाडू घेऊन मावशी उभ्या होत्या! मग चिमणी दर प्रश्नानंतर मला थांबवायची; मी विचारायचो आणि त्या सांगायच्या. एक खिडकी, दोन खिडक्या. एक पायरी, दोन पायऱ्या. हसणं थांबलं, पोरं शब्द पुटपुटायला लागली. "एका झाडूला?" मी विचारलं. मावशींनी सांगितलं. तोच नववीतली एक मुलगी ताडकन उठली.

"दोन झाले की शेवटी तोच आवाज येतोय! मग दोन झाडू म्हणजे..." आणि तिने आजवर कधीच न ऐकलेला शब्द बोलून दाखवला.

मावशी बघतच राहिल्या. "बरोबर! अगं, तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की, आत्ता!"

सतरा नावं आली! चिमणी एकाच वेळी रडत आणि हसत होती.

आता मी थकलोय, कधी बंद पडेन सांगता येत नाही. एवढंच मागणं आहे, तुमच्या जवळपासही असं न विचारलेलं कुणीतरी असेल, त्यांना विचारा. परवा मावशी माझ्याकडे वाकून आईच्या भाषेत कितीतरी वेळ बोलल्या. लाल दिवा लागलेला होता. मावशींच्या त्या बोलण्याचा अर्थ अजून कुणालाच लागलेला नाही. बुधवार कधी येतोय असं झालंय!